वाचक विचारतात : खिडकीवरची काळी धूळ

मागच्या अंकात जालन्याच्या एका वाचकाचं चार ओळींचं पत्र छापलं होतं, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत करड्या होतात, ही धूळ नेमकी आहे काय, एवढंच विचारलं होतं त्यांनी. त्यानंतर जालना, बदनापूर, परळी, नांदेड सगळीकडून पत्रं आली आणि बहुतेकांच्या मनात एकच भीती, की ही नुसती माती नाही, यात धातू आहेत. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो, जालना-संभाजीनगर रस्त्यावर एसटीनं ये-जा करण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळं हा विषय मला परका नाही. जमतील तेवढ्या पत्रांना सविस्तर उत्तर देतो.

सर, आम्ही जालन्यात एमआयडीसीच्या अंगाला भाड्यानं राहतो. रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर काळी बारीक धूळ बसायलीय, बोट फिरवलं की चमकते. मोबाईलवर हवेचा आकडा बघते तर 'मध्यम' दाखवतोय. लेकरू दीड वर्षाचं आहे, जे दिसंल ते तोंडात घालायलंय. घाबरायचं का नाही? (एक आई, जालना)

ताई, आधी त्या आकड्याचं सांगतो कारण सगळे त्याच्यावरच विसंबून आहेत. आपल्याकडं २०१५ पासून जो हवेचा निर्देशांक देतात त्यात ८ गोष्टी धरलेल्या आहेत आणि त्यात शिसंही आहे, पण चौकातल्या मशीनवर तासातासाला जे मोजलं जातं त्यात शिसं नसतं. शिसं मोजायचं म्हणजे फिल्टरच्या कागदातून २४ तास हवा ओढायची, मग तो कागद लॅबमध्ये ॲसिडात विरघळवायचा आणि मग मशीनला लावायचा, हे काम मोबाईलवर लगेच दिसत नाही. म्हणजे तुम्ही बघता तो आकडा मुख्यतः धुळीच्या वजनाचा, धूळ कशाची आहे हे तो सांगत नाही. आणि वजनावर जाऊन इथं फसगत होते. २००९ च्या आपल्या राष्ट्रीय मानकांत पीएम १० ची, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीची, वर्षाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, शिशाची ०.५ मायक्रोग्रॅम, निकेलची २० नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग) आणि आर्सेनिकची फक्त ६ नॅनोग्रॅम, म्हणजे धुळीच्या दहा हजारावा हिस्सा. कॅडमियम तर त्या यादीतच नाही. त्यामुळं आकडा 'मध्यम' आहे म्हणून धातू नाहीत असं अजिबात समजू नका.

आता ते येतात कुठून. जालन्यात सळया बनवायच्या तर भंगार वितळवतात. भंगारात काय नसतं, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जुन्या रंगाची गेटं, मोटारींचे सांगाडे, कशाकशात अडकलेले बॅटरीचे तुकडे. लोखंड वितळतं १५३८ अंशाला, आणि जस्त ९०७ ला उकळतं, कॅडमियम तर ७६७ लाच, म्हणजे लोखंड पातळ व्हायच्या आधीच हे दोघं वाफ होऊन भट्टीच्या तोंडातून वर निघालेले असतात. शिसं उकळायला १७४९ अंश लागतात पण त्याची वाफ त्याच्या कितीतरी आधी सुटायला लागते. ही वाफ वर गार हवा लागली की लगेच गोठते आणि तिचे इतके बारीक कण होतात की डोळ्यानं दिसतच नाहीत. तुमच्या कट्ट्यावर चमकतंय ते बहुतेक लोखंडाचं कीट असणार, ते जड असतं म्हणून जवळच पडतं. मला काळजी त्याची कमी आणि त्याच्यासोबत आलेल्या न दिसणाऱ्या कणांची जास्त.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, धूर वाऱ्यानं पांगतो, धातू कुठं जात नाही. त्याला कुजणं नाही, सडणं नाही. शिशाचं पेट्रोल आपल्या देशात २००० सालीच बंद झालं पण जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत ते शिसं अजून असतं. म्हणून मी सारखा सांगतो की वर आभाळाकडं बघून काही कळणार नाही, खाली फरशीकडं बघा. रांगणाऱ्या लेकराचं जग म्हणजे ती फरशीच, हात फरशीवर आणि मग तोंडात. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान लेकराच्या अंगात चार-पाच पट जास्त शोषलं जातं, आणि शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते. मेंदू वाढायच्या वयात ते जातं म्हणून घाई करायची.

करायचं काय ते सांगतो. कोरडा झाडू बंद करा, त्यानं खाली बसलेली धूळ परत उडते आणि थेट लेकराच्या नाकाच्या उंचीला येते. ओल्या फडक्यानं पुसा, खिडकीचा कट्टा रोज आणि फडकं दोन-तीनदा पाणी बदलून धुवा. अंगण असेल तर आपल्या माय-आज्ज्या करायच्या तसा सडा टाकून मग झाडा, ती पद्धत धुळीसाठी अगदी योग्य आहे. चपला दाराबाहेर, पाळणा किंवा बाज खिडकीखालून हलवा, जेवायच्या आधी लेकराचे हात साबणानं, खेळणी दिवसाआड धुतलेली. पोट रिकामं असलं आणि अंगात लोह, कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून दूध, तीळ, भाकरीबरोबर पालेभाजी आणि वरून लिंबू पिळायचं, हे औषधाइतकंच महत्त्वाचं. आणि एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या, शिरेतून रक्त घ्यायला सांगा, बोटाला टोचून घेतलं तर बोटावरच्या धुळीनं आकडा वाढू शकतो. डेसीलिटरला (म्हणजे १०० मिलिलिटर रक्ताला) ५ मायक्रोग्रॅम किंवा वर आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, असं आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. काजळ, सुरमा लावत असाल तर आजपासून बंद, सुरम्यात बऱ्याचदा शिशाचंच खनिज असतं.

भट्ट्या आमच्या रानाच्या ईशान्येला दोन किलोमीटरवर आहेत. मी मेथी, पालक, कोथिंबीर करतो. मंडईत व्यापारी काळी भाजी म्हणून भाव पाडायलेत. माती तपासून आणली, रिपोर्ट एकदम चांगला आलाय, मग आमची भाजी चांगलीच झाली ना? (शेतकरी, बदनापूर तालुका)

दादा, तुमचा रिपोर्ट खोटा नाही पण तुम्ही विचारताय त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. मृद आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. पीक कसं येईल एवढ्यापुरतं ते आहे. शिसं, कॅडमियम, क्रोमियम तपासायचं असेल तर नावं घेऊन वेगळं सांगावं लागतं आणि पैसेही वेगळे लागतात. पण त्याच रिपोर्टात एक खूण आहे बघा, जस्त. आपल्या मराठवाड्याच्या जमिनीत जस्त कमी असणं सर्रास आहे, म्हणून तर आपण झिंक सल्फेट टाकतो. तुम्ही ते न टाकता भट्टीकडच्या बांधाला जस्त भरपूर आणि दुसऱ्या टोकाला कमी असं निघालं तर ते आभाळातून आलंय असा संशय घ्यायला जागा आहे, आणि मग पुढच्या तपासणीवर पैसे घालणं योग्य ठरतं. त्यासाठी नमुना नेहमीसारखा वीतभर खोल खड्ड्याचा घेऊ नका, वरून पडलेलं वरच्या दोन-तीन बोटांतच राहतं, म्हणून न नांगरलेल्या बांधावरची वरची माती वेगळ्या पिशवीत घ्या आणि वावरातली वेगळ्या.

आपल्या काळ्या मातीचं एक बरं आहे. ती चुनखडीची, सामू ८ च्या आसपास, चिकणमाती भरपूर, अशी माती शिसं आणि कॅडमियम घट्ट धरून ठेवते, मुळांना सहजासहजी देत नाही. ज्या भागात माती आम्ल आहे तिथं हेच धातू पिकात भराभर चढतात. (आर्सेनिकचं मात्र उलटं, जास्त सामूला ते सुटं होतं, म्हणून काळ्या मातीवर सगळंच सोपवून चालत नाही.) जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातात गेलं आणि बायकांची हाडं ठिसूळ होऊन मोडायला लागली, दुखण्यानं ओरडायच्या म्हणून त्या आजाराचं नावच तिकडं 'दुखतंय दुखतंय' असं पडलं, १९६८ ला सरकारनं तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. तो भात होता, पाण्यात उभा. आपलं तसं नाही, पण पालेभाजीला दुसरी वाट आहे, पानावर वरून पडणारी धूळ, तिला मातीशी काही घेणंदेणं नाही.

आणि तुमचा हंगाम बघा ना कसा जुळून येतो. मेथी-पालक आपण हिवाळ्यात लावतो, तेव्हा वारा ईशान्य-पूर्वेकडून असतो म्हणजे भट्टीकडून तुमच्या रानावर, पहाटे गार हवा जमिनीलगत दबलेली असते त्यामुळं धूर वर जात नाही, आणि पाऊस नाही म्हणजे पानं धुवून निघत नाहीत. तिन्ही गोष्टी एकाच वेळी तुमच्या विरोधात. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून फिरतो तेव्हा तुमच्या रानाला थोडी उसंत मिळते आणि भट्ट्यांच्या पलीकडच्या गावांना त्रास होतो.

म्हणून माझा सल्ला असा, भट्टीकडच्या बाजूला पालेभाजी लावूच नका, तिथं वांगी, भेंडी, दोडका, शेंगा असलं फळवर्गी घ्या, फळात धातू पानापेक्षा बराच कमी जातो आणि ते पुसता-धुता येतं. कडेनं शेवरी, तूर किंवा बांबूची दाट ओळ करा, बरीच धूळ तिथंच अडते. भाजी घरी खाताना तीन पाण्यानं धुवा आणि पहिल्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवा, वरचं बरंचसं जातं, सगळं जात नाही. गाजर-मुळा सोलून घ्या. व्यापारी भाव पाडतात त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण धूर दुसऱ्याचा आणि तोटा तुमचा, आणि ही नुकसानी कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. गारपिटीचा पंचनामा होतो, काजळीचा होत नाही, हे बदलायला पाहिजे.

धूर रात्री बारानंतरच का वाढतो? (जालना, चंदनझिरा भागातून तीन पत्रं)

दोन कारणं. एक हवामानाचं, रात्री जमीन गार पडते, वरची हवा त्यापेक्षा गरम राहते आणि तिचं झाकण बसतं, दिवसा जेवढा धूर निघतो तेवढाच रात्री निघाला तरी दाट दिसतो. दुसरं कारण माणसाचं. धूर ओढून कापडी पिशव्यांतून गाळणारी यंत्रणा, म्हणजे बॅग फिल्टर, चालवायला वीज लागते, पिशव्या बदलायला पैसे लागतात, आणि रात्री बघायला कोणी नसतं. मी एकदा विद्यार्थ्यांना घेऊन एक भट्टी बघायला गेलो होतो, फिल्टर चकचकीत, रंग दिलेला, आणि पंख्याच्या पट्ट्यावर बोटभर धूळ, किती महिने फिरला नव्हता कोणास ठाऊक. सगळे असेच असतात असं मी म्हणत नाही, नीट चालवणारेही आहेत.

पण फिल्टर नसला की काय होतं याचं उदाहरण जगात नोंदलेलं आहे. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या केलॉग गावाजवळ शिशाचा मोठा कारखाना होता, तिथं सप्टेंबर १९७३ मध्ये आग लागून बॅग फिल्टरचा मोठा भाग जळाला. शिशाला भाव चांगला होता, कारखाना तसाच चालू ठेवला. १९७४ मध्ये तपासणी झाली तर मैलाभराच्या आतल्या जवळपास सगळ्या लेकरांच्या रक्तात डेसीलिटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर शिसं निघालं. आज आपण ५ ला दचकतो, यावरून कल्पना करा. काही महिन्यांत झालेलं ते, आणि तिथली अंगणं आणि माती उकरून बदलण्याचं काम पुढं कित्येक वर्षं चालू होतं.

तुम्ही काय करू शकता तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि फोटो असं वहीत रोज लिहा, महिनाभर. मग १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं टाका, त्या युनिटचं संमतीपत्र आणि चिमणीच्या तपासणीचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. संमतीपत्रात चिमणीची उंची, कुठली यंत्रणा बसवायची, धुळीची मर्यादा किती हे सगळं लिहिलेलं असतं. नुसतं 'लई धूर येतो' म्हणून गेलात तर परत पाठवतील, वही आणि संमतीपत्र दोन्ही हातात असलं की बोलणं वेगळं होतं. जालना, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही शहरं २०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत, त्यामुळं आपल्या शहराचा आराखडा काय आणि त्यात धातूंची मोजणी आहे का, हेही त्याच अर्जात विचारा.

सर, मला विज्ञान प्रदर्शनात हवेतले धातू दाखवायचेत. चुंबकाला धूळ चिकटते तेच शिसं का? (दहावीचा विद्यार्थी, नांदेड)

नाही बाळा, शिसं चुंबकाला चिकटत नाही. चिकटतं ते लोखंडाचं. पण तुझी कल्पना टाकून देऊ नकोस, शास्त्रज्ञ खरोखर झाडांच्या पानांवरच्या धुळीचं चुंबकत्व मोजून कारखान्याचा आणि वाहतुकीचा धूर कुठवर पसरतो ते शोधतात. असं कर, एकाच उंचीवरून, एकाच दिवशी, शहरातल्या दहा ठिकाणची कडुनिंबाची पन्नास-पन्नास पानं घे, ठराविक पाण्यात धू, पाणी वाळव, राहिलेली धूळ वजन कर आणि त्यातली चुंबकाला चिकटणारी वेगळी वजन कर, नकाशावर मांड. यातून लोखंडी धूळ कुठं जास्त पडते ते दिसेल, शिशाबद्दल त्यातून काही म्हणायचं नाही, आणि तसं तक्त्यावर स्पष्ट लिहायचं.

अमेरिकेत पोर्टलंड शहरात वनखात्याच्या लोकांनी २०१३ मध्ये झाडांवरचं शेवाळ गोळा केलं, ३४६ नमुने. शेवाळाला मुळं नसतात, त्याला जे मिळतं ते हवेतूनच, म्हणून ते चांगलं साक्षीदार. त्यात कॅडमियम भलत्याच दोन ठिकाणी वर आलं आणि शोधलं तर शेजारी रंगीत काच बनवणारे छोटे कारखाने निघाले, ज्यांच्यावर तोवर कोणाचं लक्षच नव्हतं. आपल्याकडं शेवाळ पावसाळ्यातच, म्हणून कडुनिंब बरा.

आणि हात स्वच्छ ठेव, भांडी स्वच्छ ठेव. क्लेअर पॅटरसन नावाचा शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढायला उल्केतलं शिसं मोजत होता, आकडे सारखे चुकायचे, शेवटी कळलं की लॅबच्या हवेतल्या, कपड्यांवरच्या धुळीतलंच शिसं नमुन्यात पडतंय. त्यानं अगदी स्वच्छ खोली बांधली, १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असं छापलं आणि मग उरलेलं आयुष्य पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध लढण्यात घातलं.

परळीजवळच्या खेड्यात राहतो, औष्णिक केंद्राची राख पत्र्यावर बसते. उन्हाळाभर टँकर, म्हणून पावसाचं पत्र्यावरचं पाणी हौदात घेतो. उकळून प्यायलं तर चालेल ना?

उकळल्यानं जंतू मरतात, धातू जात नाहीत, उलट पाणी आटलं की थोडे दाटच होतात. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के, तिच्या बारीक कणांना आर्सेनिक, शिसं चिकटून येतं आणि उन्हाळ्यात राख साठवायच्या वाळलेल्या तळ्यावरून ती उडते. म्हणजे जूनपर्यंत पत्र्यावर महिन्यांचा साठा असतो आणि पहिल्या पावसात तो सगळा तुमच्या हौदात जातो. म्हणून पहिले एक-दोन पाऊस हौदाला लावूच नका, नळी बाहेर काढून ठेवा. नंतरही प्रत्येक पावसाचं सुरुवातीचं पाणी सोडा, ४० चौरस मीटरच्या पत्र्यावर २ मिलिमीटर म्हणजे ८० लिटर, पाच-सहा घागरी. दुष्काळी भागात पाणी सोडा म्हणताना माझाही जीव तुटतो, पण ते पाणी भांडी-गुरांसाठी नको, झाडांच्या आळ्यात सोडा. हौदाची तोटी तळापासून वीतभर वर ठेवा, तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, तळाचा गाळ ढवळू नका आणि दरवर्षी मे महिन्यात हौद घासून काढा. प्यायला दुसरं पाणी मिळत असेल तर हे पाणी वापरायलाच ठेवा.

मास्क, घरात तुळस, गूळ खाणं, यानं धातू निघतात का?

नीट बसणारा एन ९५ मास्क बारीक कण अडवतो, रुमाल नाही अडवत. तुळस आणि गुळाचं म्हणाल तर अंगातलं शिसं त्यानं निघत नाही. धातू काढतो म्हणून विकली जाणारी भस्मं आणि पावडरी तर घेऊच नका, काहींमध्ये शिसं आणि पारा असतो.

माझे मालक भट्टीवर कामाला आहेत, बारा तासांची पाळी करून तसेच कपडे घालून घरी येतात, मोठं पोरगं पळत जाऊन गळ्यात पडतं. मला पाचवा महिना आहे. कारखान्यात आंघोळीची सोय नाही. काय करू? (नाव देऊ नका)

ताई, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात घाईचं वाटलं. भट्टीची धूळ चिमणीतून जाते तशीच कपड्यांतून, केसांतून, डब्याच्या पिशवीतूनही घरी येते. त्यांचे कामाचे कपडे आणि बूट दाराबाहेर एका झाकणाच्या बादलीत, आंघोळ आणि डोकं धुणं आधी, मग पोराला जवळ घेणं. कपडे झटकायचे नाहीत, आधी पाण्यात बुडवायचे, घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत आणि शक्य असेल तर ते त्यांनीच धुवावेत, तुम्ही नाही. कामावर बिडी-तंबाखू खाताना हातावरची धूळ पोटात जाते आणि तंबाखूच्या पानात मुळातच कॅडमियम असतं, ते मूत्रपिंडात १० ते ३० वर्षं राहतं, हे त्यांना तुम्ही सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

शिसं रक्तात साधारण महिनाभर असतं पण हाडात जाऊन दशकानुदशकं बसतं, आणि गरोदरपणात बाळाला कॅल्शियम द्यायला हाडं झिजतात तेव्हा ते परत रक्तात उतरतं, नाळेतून बाळाकडं जातं. म्हणून कॅल्शियमच्या आणि लोहाच्या सरकारी गोळ्या एकही चुकवू नका, दोन्ही एका वेळी घ्यायच्या नाहीत, लोहाची गोळी चहाबरोबर नको. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना 'नवरा भट्टीवर आहे, माझं, त्यांचं आणि पोराचं रक्तातलं शिसं बघायचंय' असं याच शब्दांत सांगा, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय ते त्यांच्या यादीत येणार नाही. आणि आंघोळीची, कपडे बदलायच्या खोलीची मागणी तुमच्या मालकांनी एकट्यानं करू नये, पाळीतल्या दहा-बारा जणांनी मिळून लेखी करावी आणि एक प्रत कारखाने निरीक्षकांकडं द्यावी. अर्जाचा मसुदा मी लिहून ठेवलाय, याच पत्त्यावर कळवा, पोस्टानं पाठवतो.